जुने फोटो स्कॅन करताय? या चुका टाळा

पावसाळ्यात माळ्यावरचे अल्बम खाली येतात, एखाद्या पानावर बुरशी दिसते आणि घरातलं कुणीतरी जाहीर करतं, "या रविवारी सगळे स्कॅन करून टाकतो." आमच्या घरी ते कुणीतरी मी होतो. तीन रविवार लागले, आणि त्यातल्या पहिल्या दोन रविवारचं काम पुन्हा करावं लागलं.

चिकट अल्बममधून फोटो ओढणं

पुठ्ठ्याच्या पानावर गोंदाचे पट्टे आणि वर पारदर्शक प्लास्टिक, असे अल्बम एके काळी घरोघर होते. तो गोंद आता दगड झालाय. मी नखाने कोपरा उचलला, जरा ओढला, आणि काकांच्या लग्नातल्या पंगतीवर आडवी पांढरी रेघ उमटली. वरचा थर एकदा तडकला की तो सांधत नाही.

दाताचा फ्लॉस घ्या. दोन्ही हातांत ताणून फोटोच्या मागे सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे करत हळूहळू खाली आणा. फोटो वाकायला लागला तर थांबा. प्लास्टिक बाजूला करून अख्खं पानच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या फंदात पडू नका, काचेसकट स्कॅन करा. ओला बोळा, काच पुसायचा स्प्रे, थुंकी लावलेलं बोट यातलं काहीही फोटोला लागता कामा नये. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे.

डीपीआय डोळे मिटून वाढवणं

चार बाय सहा इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल. बहुतेक प्रिंटमध्ये याहून जास्त तपशील नसतोच. १२०० केलं तर फाइल चौपट होते आणि हाती लागतात कागदाचे तंतू. अपवाद छोट्या फोटोंचा. आग्फा क्लिक थ्रीसारख्या जुन्या कॅमेऱ्यांतल्या १२० रोलचे सव्वादोन इंची चौकोनी प्रिंट बऱ्याच घरांत सापडतील. ते निगेटिव्हवरून थेट, तेवढ्याच आकारात छापलेले असतात, त्यामुळे त्यांत बारकावा दाटून भरलेला असतो. त्यांना १२०० द्याच.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं आपोआप रंग सुधारणं आणि शार्पनिंग बंद ठेवा. मूळ स्कॅन टिफमध्ये, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात, साठवा (६०० डीपीआयचा वरचा फोटो सुमारे २६ एमबी होतो) आणि त्याला पुन्हा हात लावू नका. जी काही रंगरंगोटी करायची ती त्याच्या प्रतीवर.

प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच जागी ठिपका येतोय? तो फोटोवर नाही, स्कॅनरच्या काचेवर आहे. आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी उमटत असेल तर कागद तेव्हाच्या फॅशनचा, 'सिल्क फिनिश'चा आहे. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे कागदाच्या उंचवट्यांची सावली दिसते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलट दिशेने ठेवून स्कॅन करा. गिम्प या फोटो-एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुसरं चित्र फिरवून पहिल्यावर अचूक बसवा आणि त्याची अपारदर्शकता ५० टक्के करा. दोन्ही बाजूंच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच प्रमाणात मारतात.

निगेटिव्ह साध्या स्कॅनरवर ठेवणं

प्रिंटरसोबतचा स्कॅनर फोटोवर आपटून परतणारा प्रकाश वाचतो. निगेटिव्हला मागून उजेड लागतो. म्हणून स्कॅन काळाकुट्ट येतो. टॅबलेटवर पूर्ण पांढरं चित्र लावा, निगेटिव्ह त्यापासून दोन-चार सेंटीमीटर वर धरून ठेवेल असं पुठ्ठ्याचं खोकं करा आणि वरून फोटो काढा. निगेटिव्ह स्क्रीनला टेकवली तर स्क्रीनची जाळीही फोटोत येते. मग रंग उलटे करा. रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक नुसत्या उलटण्याने जात नाही. उलटण्याआधी फिल्मच्या रिकाम्या कडेवरून व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे ती कड पांढरी समजायला सॉफ्टवेअरला सांगा.

बाजूही बघा. फिल्मच्या कडेची अक्षरं सरळ वाचता आली तर बाजू बरोबर. मी ते पाहिलं नाही, आणि मुंजीच्या फोटोत काकांचं जानवं उजव्या खांद्यावर आलं. मुंजीच्या दिवशीच अपसव्य!

फ्लॅश आणि ट्यूबलाइट

स्कॅनर नसेल तर मोबाइलही चालतो, पण फ्लॅश बंद. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, उजेड तिरका येऊ द्या, घरातले दिवे मालवा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र झाला की रंग कधीच जुळत नाहीत. गुळगुळीत फोटोत तुमचाच शर्ट चमकतो, तेव्हा काळा घाला.

'सुधारणारी' अॅप

एका क्लिकमध्ये जुना चेहरा झळझळीत करणारी अॅप मोह घालतात. ती पुसट भाग पाहून नवा चेहरा कल्पनेने रंगवतात. आमच्या पणजीच्या हनुवटीवरचं गोंदण अॅपला डाग वाटलं, त्याने ते साफ केलं. शिवाय तिला दातही दिले, हसरे. कुटुंबाच्या ग्रुपवर तोच फोटो फिरला आणि आता पुढच्या पिढीला तीच पणजी वाटणार.

ग्रुपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, नाहीतर तो आक्रसतो आणि आत लिहिलेली तारीखही गळते.

तारीख आणि मागची बाजू

स्कॅन केलेल्या फाइलला आजची तारीख लागते, म्हणून १९७४ चं लग्न गॅलरीत कालच्या वाढदिवसाशेजारी बसतं. डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अनेक फोटोंची तारीख एकदम बदलता येते. फाइलच्या नावातही आधी वर्ष, मग महिना टाका, म्हणजे क्रम आपोआप लागतो.

आणि फोटो उलटून बघा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने लिहिलेली नावं. तीही बाजू स्कॅन करा. मी पहिल्या दीडशे फोटोंना ती केली नव्हती. नावं नसतील तर फोटो टीव्हीवर मोठे करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर लावा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा. आमच्या आत्याने एका फोटोतला कुणीच माणूस ओळखला नाही, पण मागच्या भिंतीवरचं लोलकाचं घड्याळ पाहून म्हणाली, "हे तर आपलं जुनं बिऱ्हाड. ते घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं."