डिझेल पिकअपचं इंजिन घरी खोलताय? मग या चुका टाळा

माझं पहिलं इंजिन मी दोनदा बांधलं. पहिल्या वेळेस सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे, आणि दुसऱ्या वेळेस हातात मायक्रोमीटर आणि शेजारी मॅन्युअल उघडं. डिझेल इंजिन दणकट असतं हे खरं, पण दणकट आहे म्हणून चालून जाईल असं म्हणणाऱ्याचंच इंजिन परत उघडावं लागतं, कारण इथं स्पार्क प्लग नाही, हवा साधारण 16 ते 22 पट दाबून ती इतकी तापवायची की डिझेल पडल्याबरोबर आपोआप पेटलं पाहिजे. त्यामुळं पेट्रोल इंजिनमध्ये जी ढिलाई खपून जाते ती इथं खपत नाही.

न तपासता खोलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी ओढत नाही, धूर मारते, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, उतरवा इंजिन! अरे थांबा की जरा, आधी धूर तरी बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, मग एअर फिल्टर चोंदलाय का, टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) येणारा रबरी पाईप कुठं फाटलाय का, ईजीआर (धुराचा थोडा भाग परत आत सोडणारा वॉल्व) काजळीनं उघडाच अडकलाय का, नोझल, म्हणजे डिझेल फवारणारा भाग, टिपकतंय का हे बघायचं, आणि यातल्या एकाही गोष्टीसाठी इंजिन खाली उतरवावं लागत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते रिंगांतूनच येतंय असं कुणी सांगितलं? टर्बोचं सील गेलं तरी तोच धूर येतो, म्हणून टर्बोचा पाईप सोडून आत ऑइल किती साचलंय आणि चाक हलवल्यावर लडबडतंय का ते आधी बघा. पांढरा धूर येतोय, डोळे चुरचुरतात आणि कच्च्या डिझेलचा वास आहे तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आत गरमी देणारा), टायमिंग (डिझेल नेमकं कधी पडतं ते), नोझल नाहीतर कॉम्प्रेशन (हवा किती दाबली जाते ते). पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर हटत नाही आणि कूलंट कमी होत जातंय, तर मग हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड गॅस्केटकडं नाहीतर हेडला क्रॅक आहे का तिकडं लक्ष द्या.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. ती डिझेलच्या गेजनंच करायची, पेट्रोलचं गेज लावलंत तर काटा शेवटाला जाऊन तिथंच बसेल. सगळे हीटर प्लग काढा, बॅटरी फुल चार्ज करा, डिझेलचा पुरवठा तोडा आणि मग सेल मारा, म्हणजे स्टार्टरनं इंजिन फिरवा. बऱ्याच चांगल्या इंजिनांत 25 ते 35 बारच्या आसपास आकडा येतो, तुमच्या इंजिनचा नेमका किती हवा ते मॅन्युअलमध्ये असतं, पण मी स्वतः आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक जास्त बघतो. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर कमी दाखवतायत तर मधली गॅस्केट उडालेली असण्याची शक्यता मोठी. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत मोजायचं ही जुनी युक्ती डिझेलला जपून वापरा, वरची जागा इतकी लहान असते की ऑइल जरा जास्त झालं तर पिस्टन वर येऊन अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा दोन्ही वॉल्व बंद असताना पिस्टन टॉपला आणून हवा भरा आणि कान लावून ऐका. ऑइलच्या झाकणातून फुसफुस येते तर रिंगा, सायलेन्सरमधून येते तर एक्झॉस्ट वॉल्व, एअर फिल्टरच्या बाजूनं येते तर इनलेट वॉल्व, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट. दहा मिनिटांचं काम आहे, पण यानं कधीकधी आख्खं इंजिन उघडायचं वाचतं आणि नुसतं हेड काढून भागतं.

खोलताना

फोटो काढा, पिशव्यांवर नावं टाका वगैरे सगळ्यांना माहीत आहे. जे लोक विसरतात ते म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या कॅपा. प्रत्येक कॅप तिच्याच रॉडची, आणि तिची बाजूही ठरलेली, कारण रॉड आणि कॅप जोडीनं मशीन केलेले असतात, एकाची कॅप दुसऱ्याला लावली तर भोक गोल राहत नाही. काही रॉड तर मुद्दाम तडकवून दोन केलेले असतात, त्यांची खडबडीत कड एकमेकांतच बसते, ती घासून साफ करायला गेलात तर रॉड भंगारात. मेन बेअरिंगच्या कॅपांचंही तसंच, नंबर आणि पुढची बाजू रंगानं लिहून ठेवा.

हीटर प्लग थंड इंजिनमध्ये जोर लावून काढू नका, मोडून हेडमध्ये राहतो आणि मग तुमचा शनिवार-रविवार गेला. आदल्या दिवशी गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा, इंजिन कोमट करा आणि पाना थोडा पुढं थोडा मागं असं करत सोडवा. आणि नोझल काढल्यावर खालचा तांब्याचा वायसर नोझलबरोबर बाहेर आला का बघा. बऱ्याचदा तो हेडमध्येच चिकटून राहतो, वरून नवा बसवला की एकावर एक दोन वायसर, नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि तुम्ही नोझलला शिव्या घालत बसता. वायसर दर वेळी नवाच घाला, जुना परत वापरला तर तिथून गॅस गळतो आणि नोझलभोवती डांबरासारखा काळा थर चढतो.

सफाई, म्हणजे जिथं सगळे कंटाळा करतात

होनिंग झालं, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत (बोअर) दगडानं घासून झाली, बोअरमध्ये छान तिरप्या रेघा दिसतायत, मग पठ्ठ्या डिझेलच्या फडक्यानं बोअर पुसतो आणि पिस्टन सारतो. डिझेलनं पुसून दगडाची बारीक पूड जात नाही, ती त्या रेघांमध्येच बसते आणि पुढं रिंगा, बोअर, बेअरिंग सगळं घासून खाते. माझं पहिलं इंजिन यातच गेलं, थोडं पळाल्यावर ऑइल खायला लागलं, उघडलं तर नव्या रिंगा घासून पातळ झालेल्या. बोअर धुवायचा तो गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रश घेऊन, आपण कढई घासतो तसा. मग कोरडं करून पांढऱ्या कापडाला स्वच्छ ऑइल लावून बोअरमधून फिरवा. कापड करडं निघालं? परत धुवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठं ते पांढरं निघतं, आणि निघालं की लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर बघता बघता बोअरवर तांबूस गंज धरतो.

दुसरं म्हणजे ब्लॉकचा आणि हेडचा फेस साफ करायला ड्रिलला लावायची ती घासायची चकती. जुनी गॅस्केट झटक्यात निघते म्हणून हात शिवशिवतात, पण तिची पूड ऑइलच्या वाटांमध्ये शिरली की बेअरिंगांचा निकाल लागतो. धार नसलेली पट्टी घ्या आणि हातानं खरवडा. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा, क्रँकमधल्या भोकांमधूनसुद्धा.

आणि ते सिलिकॉन! चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) बसवताना ट्यूब पिळून जाड रेघ मारतात, बोल्ट आवळले की बाहेर आलेलं पुसतात, पण तेवढंच आतही आलेलं असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. ते तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं आणि प्रेशर पडतं.

मोजमाप

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये टाका, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फिलर गेजनं मोजा. फट कमी असेल तर इंजिन तापल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. ठिपका किंवा अक्षर असलेली बाजू वर, आणि तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत.

बेअरिंग शेल (क्रँकभोवती बसणाऱ्या पातळ अर्धगोल पट्ट्या) नवे आहेत म्हणून फट बरोबरच असेल असं धरून चालू नका. क्रँक घासून घेतला असेल तर शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा, 0.25 का 0.50 मिमी, आणि तरीही मोजा. मेणासारखी बारीक दोरी मिळते, ती जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ठेवायची, कॅप टॉर्कला आवळायची, काढायची, आणि दोरी किती चपटी झाली ते पट्टीवर बघायचं. यात एकच पथ्य, दोरी आत असताना क्रँक फिरवायचा नाही. थ्रस्ट वायसर (क्रँकला पुढं-मागं सरकू न देणारा) बसवताना त्याच्या खाचा क्रँककडं हव्यात, ब्लॉककडं गेल्या तर तिथं ऑइलच पोचत नाही.

हेड गॅस्केट म्हणजे जी मिळाली ती लावली असं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. बऱ्याच डिझेल इंजिनांत पिस्टन टॉपला आल्यावर ब्लॉकच्या फेसच्या जरा वर डोकावतो, आणि तो किती डोकावतो त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात ती या जाडीची खूण. डायल गेजनं प्रत्येक पिस्टन मोजा, सगळ्यात जास्त डोकावणारा धरा आणि त्याप्रमाणं घ्या. पातळ लागली तर पिस्टन वॉल्वला भेटायला जातो, जाड लागली तर कॉम्प्रेशन पडतं आणि सकाळी गाडी चालू व्हायला रडते.

बोल्ट आणि टायमिंग

हेड बोल्टची भोकं आंधळी (खालून बंद) असतील तर त्यात साठलेलं ऑइल-पाणी काढल्याशिवाय बोल्ट आवळू नका, द्रव दाबला जात नाही आणि ब्लॉक तडकतो. आटे साफ करा. जे बोल्ट आधी टॉर्क आणि मग 90 अंश, परत 90 अंश असे आवळायचे असतात ते ताणले जातात, ते सहसा परत वापरत नाहीत. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, मॅन्युअलमधल्या क्रमानं.

टायमिंगच्या खुणा जुळवल्या की स्टार्टर मारायचा नाही. क्रँक पान्यानं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठंही टणक अडलं तर जोर लावू नका, तिथंच थांबा. मधल्या आयडलर गिअरवरच्या खुणा दोन फेऱ्यांनी परत जुळतीलच असं नाही, त्यानं घाबरू नका, क्रँक, कॅम आणि पंपाच्या जुळल्या म्हणजे झालं.

पहिला सेल

डिझेल बंद ठेवून, जुन्या पंपाचा सोलेनॉइड नाहीतर नोझलचे कनेक्टर काढून, थोडा थोडा वेळ सेल मारत राहा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. टर्बोच्या ऑइलच्या भोकातही आधी थोडं ऑइल ओता.

टर्बो आधी फुटला असेल तर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) धुतल्याशिवाय इंजिन चालू करू नका. आत साचलेलं ऑइल ओढलं गेलं की इंजिन त्यावरच पळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही, उलट वाढतच जातं. पहिल्या वेळेस चालू करताना हवेचा पाईप मोकळा ठेवा आणि तो पूर्ण झाकेल अशी फळी शेजारी ठेवा. हात किंवा कापड नाही, फळीच.

एक नोझलचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते बघायची सवय जुन्या मेकॅनिक लोकांना असते. जुन्या पंपाला ठीक, कॉमन रेलला (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत) चालू इंजिनमध्ये अजिबात नाही, तिथं 1000 बारच्या पुढचं प्रेशर असतं. बारीक फवारा कातडीतून आत जातो, बाहेरून सुई टोचल्याएवढंच दिसतं आणि दुखतही नाही फारसं, पण बोट जायची वेळ येते, असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. गळती शोधायची तर पुठ्ठा धरा.

सेल बसतोय, इंजिन लागत नाही

दुसऱ्यांदा बांधल्यावर माझं हेच झालं. एअर काढली, परत काढली, फिल्टरवरचा हातपंप मारून मारून अंगठा सुजला, पाईपमध्ये एक बुडबुडा नाही. हलका पांढरा धूर येतो आणि इंजिन आळसावल्यासारखं फिरतं. तीन दिवस गेले, टायमिंग परत बघितलं, हेड परत काढायची मनाची तयारी झाली होती. संध्याकाळी मित्र आला, मी सेल मारत होतो तेव्हा त्यानं सहज क्लचच्या केबलला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "अरे, ही भाजतेय! इंजिनची अर्थिंगची पट्टी कुठंय?"

पट्टी बाकड्यावर होती, एका पिशवीत, तिच्यावर माझ्याच अक्षरात नाव लिहिलेलं. स्टार्टरचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परत जात होता. त्यानं बॅटरीच्या मायनसवरून ब्लॉकला जंप केबल लावली आणि दुसऱ्या सेलला इंजिन लागलं. हळू फिरलं की दाबलेल्या हवेची उष्णता भिंतींना जाते, थोडी हवा रिंगांतून निसटते, आणि डिझेल पेटायला लागते तेवढी गरमी तयारच होत नाही. तेव्हापासून इंजिन लागत नसेल तर मी आधी बॅटरी आणि अर्थिंग बघतो, मग डिझेल, मग बाकीचं.

लागल्यानंतर

आवाज छान येतोय म्हणून अर्धा तास जागेवर चालू ठेवून बघत बसू नका. गळती बघा, प्रेशर बघा, पाणी बघा आणि गाडी रस्त्यावर काढा. नुसत्या आयडलवर रिंगांना दाब मिळत नाही, बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल खायची सवय कायमची लागते. मध्यम लोड, वेग कमी-जास्त करत, गिअरमध्येच अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा, परत ओढायची, फुल लोड भरून चढ मात्र इतक्यात नको. 500 किलोमीटरच्या आसपास पहिलं ऑइल आणि फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर कापून आतली घडी उघडून बघा. बारीक चमचम असतेच, नखाला लागेल एवढा कपचा दिसला तर चेंबर उतरवा.