गुप्तहेरी कोड्यांच्या गेमची परीक्षणे कशी वाचावीत

तपास करत आणि कोडी सोडवत पुढे जाणारा एखादा गेम विकत घ्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी आपण समीक्षकांची परीक्षणे वाचतो. परंतु या प्रकारच्या गेमची परीक्षणे वाचण्याची रीत थोडी वेगळी ठेवावी लागते. क्रिकेटच्या किंवा मारधाडीच्या गेमविषयी कितीही तपशील आधी कळला, तरी खेळण्यातली मजा फारशी उणावत नाही. गुप्तहेरी गेममध्ये मात्र खुनी कोण हे एकदा कळले की ज्यासाठी पैसे मोजले तेच हातातून निसटते. दादरला आम्ही काही जण असे गेम एकत्र बसून खेळतो, आणि पुढचा गेम निवडताना जी पद्धत आमच्या अंगवळणी पडली आहे, ती येथे मांडत आहे.

सर्वप्रथम, गुणांच्या आकड्यापाशी थांबू नये. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ निरनिराळ्या समीक्षकांचे गुण शंभराच्या मापात बसवून त्यांची भारित सरासरी काढते, आणि कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला हे जाहीर करत नाही. जपानच्या फामित्सू या गेमविषयक नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज चाळीसपैकी छापली जाते. हे आकडे गेमची बांधणी भक्कम आहे की नाही एवढे सांगतात. तो आपल्याला रुचेल का, याचे उत्तर त्यांत नसते. २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आलेला ‘एल. ए. न्वार’ आणि २०१८ मध्ये संगणकावर आलेला ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या दोघांची मेटाक्रिटिकवरील सरासरी ८९ आहे. पहिल्यात १९४७ च्या लॉस एंजेलिसमधला पोलीस तपासनीस होऊन मोटारीने हिंडायचे, साक्षीदारांच्या जबान्या घ्यायच्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून खरेखोटे ओळखायचे. दुसऱ्यात १८०७ साली माणसांविना परत आलेल्या एका व्यापारी जहाजावर ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक म्हणून चढायचे आणि साठ जणांपैकी प्रत्येक जण कोण होता व त्याचे काय झाले, हे नोंदवहीत भरायचे. गुण सारखे असले तरी एकाचा चाहता दुसऱ्याला अर्ध्या तासात कंटाळू शकतो.

म्हणून परीक्षणात सर्वांत आधी एकच गोष्ट शोधावी: तर्क कोण करते, खेळणारा की गेम? अनेक गेममध्ये खेळणारा फक्त पुरावे गोळा करतो, आणि सगळे पुरावे जमा झाले की नायक स्वतःच निष्कर्ष बोलून दाखवतो. अशा गेमला ‘कथानक उत्तम, कोडी सोपी’ असा शेरा मिळतो. तो वाईट नव्हे. दिवसभराच्या कामानंतर गोष्ट ऐकल्यासारखे खेळायचे असेल तर तोच गेम घ्यावा. पण स्वतः डोके चालवायचे असेल, तर खेळणाऱ्याचे उत्तर गेम कसे तपासतो, हे परीक्षणात शोधलेच पाहिजे. माझ्या मते या प्रकारच्या गेमचा कस येथेच लागतो, आणि चांगला समीक्षक या मुद्द्यावर किमान एक परिच्छेद खर्च करतो.

उदाहरणे पाहिली की हा मुद्दा स्पष्ट होतो. ‘ओब्रा डिन’मध्ये तीन माणसांची माहिती बिनचूक भरली गेली की त्या तीन नोंदी एकदम पक्क्या होतात, एकेका नावाला होकार मिळत नसल्यामुळे अंदाजाने ठोकत बसणे परवडत नाही, आणि तरीही आपण योग्य वाटेवर आहोत एवढा दिलासा अधूनमधून मिळत राहतो. ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’मध्ये दृश्यांतून वेचलेले शब्द रिकाम्या जागांत भरायचे असतात, आणि चुका दोन किंवा त्याहून कमी उरल्या की गेम तसे सांगतो. फ्रॉगवेअर्स या कंपनीच्या २०१४ मधील शेरलॉक होम्सच्या गेममध्ये निरपराध माणसावर आरोप ठेवूनही पुढच्या प्रकरणाकडे जाता येते. प्रोफेसर लेटनच्या मालिकेत कोडे चुकले की त्याचे गुण घटतात, अडल्यास गावात शोधलेली नाणी खर्चून सूचना मिळते, आणि बऱ्याच कोड्यांचा मुख्य रहस्याशी संबंध नसतो. समीक्षकांनी त्या कोड्यांचे कौतुक करतानाच हा तुटकपणाही नोंदवला आहे. ज्याला आगपेटीच्या काड्यांची आणि नदी ओलांडण्याची कोडी आवडतात, त्याला या तुटकपणाचे काहीच वाटणार नाही.

यानंतर तक्रारींकडे वळावे आणि प्रत्येक तक्रार कशाविषयी आहे, हे पाहावे. ‘कोडे अवघड आहे’ आणि ‘कोडे अन्यायकारक आहे’ ही दोन अगदी निराळी विधाने आहेत, आणि घाईत लिहिलेल्या परीक्षणात त्यांची गल्लत होते. अवघड कोड्याचे उत्तर कळल्यावर ‘हे तर समोरच होते’ असे वाटते. अन्यायकारक कोड्याचे उत्तर कळले तरी ते कसे सुचायला हवे होते, हे उमगत नाही. दुसऱ्या जातीचा गाजलेला नमुना १९९९ मधील ‘गॅब्रिएल नाइट ३’ मध्ये आहे. तेथे नायकाला मित्राच्या नावावरची मोटारसायकल मिळवण्यासाठी मित्राचे सोंग घ्यायचे असते. त्यासाठी चिकटपट्टीवर मांजराचे केस जमवायचे आणि पाकाने ते ओठावर चिकटवून मिशी तयार करायची. मित्राला मिशी नाहीच. म्हणून त्याच्या पासपोर्टवरील छायाचित्रातही मिशी रंगवायची. यातली एकही पायरी आधीच्या पायरीतून सुचत नाही. एखादा समीक्षक ‘मी सगळ्या वस्तू सगळ्या वस्तूंवर वापरून पाहिल्या’ असे लिहीत असेल, तर तो याच जातीच्या कोड्याविषयी बोलत आहे असे समजावे आणि सावध व्हावे.

वेगवेगळ्या समीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेली एकच तक्रार मात्र गांभीर्याने घ्यावी. ‘एल. ए. न्वार’मधील चेहऱ्यांच्या चित्रणाची मनापासून स्तुती झाली, पण जबानी घेताना ‘शंका’ हा पर्याय निवडल्यावर तपासनीस नेमका काय बोलेल याचा भरवसा नसतो, ही कुरकुर वारंवार झाली. सौम्य प्रश्न विचारायचा म्हणून तो पर्याय निवडावा आणि नायकाने साक्षीदारावर खेकसावे, असे घडत असे. २०१७ च्या नव्या आवृत्तीत सत्य, शंका आणि असत्य हे तिन्ही पर्याय काढून त्यांच्या जागी चांगला पोलीस, वाईट पोलीस आणि आरोप असे पर्याय दिले गेले. त्यामुळे जुनी परीक्षणे वाचताना ती कोणत्या आवृत्तीची आहेत, हे अवश्य पाहावे.

रहस्य फुटू नये यासाठी आम्ही परीक्षणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचतो, आणि मधला मजकूर केवळ पहिल्या एक-दोन प्रकरणांपुरता पाहतो. चित्रांकडे मात्र मुळीच पाहत नाही. ‘ओब्रा डिन’मधील प्रत्येक दृश्य हा कोणाच्या तरी मृत्यूचा गोठलेला क्षण असतो, त्यामुळे एक चित्रसुद्धा एक उत्तर देऊन जाते. २०१५ च्या ‘हर स्टोरी’मध्ये एका स्त्रीच्या पोलीस-जबान्यांच्या चित्रफिती शब्द टाकून शोधायच्या असतात, आणि कितीही फिती सापडल्या तरी त्यांतील पहिल्या पाचच पाहता येतात; अशा गेममध्ये कोणता शब्द टाकावा हाच सगळा तपास असल्याने परीक्षणातला एखादा निष्काळजी शब्दही नुकसान करतो. याला खरोखर गेम म्हणावे का, असा वाद त्या वेळी रंगला होता. तो वाद वाचायला हरकत नाही, कारण त्यातून खेळण्याची तऱ्हा कळते आणि रहस्य शाबूत राहते.

समीक्षक कोणत्या परिस्थितीत खेळतो, याचाही विचार करावा. गेम बाजारात येण्यापूर्वी त्याला प्रत मिळते, ठरलेल्या मुदतीत लिहायचे असते, आणि तोवर उत्तरे कोठेही उपलब्ध नसतात. जे कोडे आपण रात्री बाजूला ठेवून सकाळी चर्चगेटच्या गाडीत सोडवू, तेच कोडे मुदत डोक्यावर असलेल्या माणसाला जाच वाटू शकते. म्हणून ‘गती मंदावते’ या शेऱ्याचे वजन मी थोडे कमीच धरतो.

संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावरील सामान्य खेळणाऱ्यांची मते वाचताना प्रतिकूल मतांपासून सुरुवात करावी आणि त्यांच्याशेजारी लिहिलेले खेळण्याचे तास पाहावेत. अर्ध्या तासात सोडून दिलेल्या माणसाचे मत आणि शेवटपर्यंत पोहोचून निराश झालेल्याचे मत एका तागडीत तोलू नये. रहस्याचा शेवट फसला आहे, हे शेवटपर्यंत पोहोचलेलाच सांगू शकतो. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि खेळणे दोन तासांपेक्षा कमी झालेले असल्यास तेथे परतावा मागता येतो, आणि तेवढ्या वेळात पहिले प्रकरण बहुधा पाहून होते. लॅमिंग्टन रोडवरून वापरलेली डिस्क घेणाऱ्याला ही सोय नसते, म्हणून त्याने तर परीक्षणे अधिक बारकाईने वाचावीत.

मुंबईकराने आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे आवाज. ‘ओब्रा डिन’मध्ये माणसांची भाषा आणि उच्चारांची धाटणी हे पुरावे आहेत, जहाजावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत. लोकलच्या गर्दीत हेडफोनशिवाय असा गेम खेळणे म्हणजे अर्धे धागेदोरे फलाटावर सोडून येणे होय. परीक्षणात ध्वनीची विशेष वाखाणणी आढळली, तर तो गेम घरच्या निवांत वेळेसाठी राखावा.

शेवटी, दोन-तीन परीक्षणे वाचून झाली की एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत: उत्तर कसे तपासले जाते, समीक्षक कोठे अडला, आणि त्या अडण्याचा दोष त्याने कोणाला दिला. आमच्या गटातले एक निवृत्त काका हे टिपण वहीत पेन्सिलीने करतात आणि गेम संपल्यावर त्याच पानावर शाईने स्वतःचे मत लिहितात. ज्या समीक्षकाची पेन्सिल आणि काकांची शाई वारंवार जुळते, त्याची परीक्षणे आम्ही आता आधी काढतो.