व्यावसायिक इमारतीच्या हरित मूल्यांकनाची तयारी

व्यावसायिक इमारतीची पर्यावरणीय कामगिरी आता तिच्या बाजारमूल्याशी थेट जोडली गेली आहे. नेदरलँड्समध्ये 1 जानेवारी 2023 पासून 100 चौरस मीटरहून मोठ्या बहुतेक कार्यालयी इमारतींना किमान ‘सी’ ऊर्जा श्रेणी (‘ए’ गट सर्वात चांगला, ‘जी’ सर्वात वाईट) बंधनकारक झाली, तर न्यूयॉर्क शहराने 2019 च्या कायद्यानुसार 25,000 चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींच्या उत्सर्जनावर 2024 पासून मर्यादा घातली. खरेदीदार आणि कर्ज देणाऱ्या बँका ऊर्जेचे कागद मागतात आणि ते ऐनवेळी जमवता येत नाहीत, म्हणून मालकाने हरित मूल्यांकनाच्या, म्हणजे इमारतीच्या पर्यावरणीय कामगिरीच्या तपासणीच्या, तयारीला आधीच लागावे.

सर्वप्रथम सलग किमान 12 महिन्यांची वीज, इंधन आणि पाण्याची बिले एकत्र करावीत आणि दर चौरस मीटरमागे वार्षिक वापर काढावा. हे करताना चटई क्षेत्र धरले की बांधीव क्षेत्र, याची नोंद अवश्य ठेवावी, नाहीतर दोन इमारतींची तुलनाच होऊ शकत नाही. त्यानंतर मीटरच्या दर अर्ध्या तासाच्या नोंदी मिळवून मध्यरात्रीनंतरचा भार पाहावा. माझ्या मते संपूर्ण तयारीत याहून मोलाचा कागद नाही. इमारत रिकामी असताना कोणते पंखे, पंप आणि दिवे चालू राहतात, हे प्रत्यक्ष फिरून तपासावे आणि वेळापत्रक दुरुस्त करावे. दिवसाही पंखे पूर्ण वेगाने चालवण्याची गरज क्वचितच असते: पंख्याचा वीजवापर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग 20 टक्क्यांनी कमी केला, तर वापर जवळजवळ निम्म्यावर येतो. सौर पॅनेल बसवायचे असतील, तर त्यांची क्षमता ही दुरुस्ती होऊन वापर कमी झाल्यावरच ठरवावी.

भाडेकरार मात्र काळजीपूर्वक वाचावा लागतो. सुधारणेचा खर्च मालकाने करायचा आणि बिलातली बचत भाडेकरूच्या पदरात पडायची, अशी रचना असेल तर चांगली योजनाही वर्षानुवर्षे कागदावरच राहते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी स्वतंत्र उपमीटर, वापराच्या आकडेवारीची देवाणघेवाण आणि बचतीची वाटणी यांची कलमे करारात घालून घ्यावीत.

वातानुकूलन यंत्रणेत कोणता शीतक वायू आहे आणि वर्षभरात तो किती भरावा लागला, याची नोंदवही अद्ययावत असावी. आर-410ए या वायूची तापमानवाढीची क्षमता 100 वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,088 पट आहे, त्यामुळे लहान गळतीही दुर्लक्षिण्यासारखी नसते. पाण्याची गळती आणि कचऱ्याचे वर्गीकरण नेहमीच्या देखभालीत तपासले तरी पुरते.

इमारत पाडून नवी बांधण्याचा विचार असेल, तर आधी जुना सांगाडा वाचवता येतो का, हे संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे, कारण नव्या सिमेंट-पोलादाच्या निर्मितीतले उत्सर्जन इमारत वापरात येण्यापूर्वीच झालेले असते.

सुधारणा पूर्ण झाल्यावर पुढील 12 महिन्यांच्या नोंदी त्याच पद्धतीने ठेवाव्यात आणि हवामान व इमारतीतील वावर यांचा फरक लक्षात घेऊनच आधीच्या आकड्यांशी त्यांची तुलना करावी.