एक्झोरा पिवळा पडतोय? औषध नंतर, आधी पिशवीखालचे पाणी काढा

पावसाची झड लागली की ठाणे-नवी मुंबईच्या रोपवाटिकांत एक्झोरा (पेंटगुळ) पिवळा पडतो आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्या खपतात. बाटली आणू नका. जून-जुलैतला हा पिवळेपणा बहुतेक वेळा उपासमारीचा नसतो, मुळे गुदमरल्याचा असतो. खालची पाने पिवळी होऊन गळतात, माती चिंब असूनही शेंडे माना टाकतात आणि रोप सुकले समजून त्यावर आणखी पाणी पडते.

प्रत्येक वाफ्यातली एक पिशवी फाडून बघा. मूळ पांढरे, टणक असेल तर ठीक. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढी शीर उरली, तर कूज लागली. मातीला आंबूस वासही येतो.

पाऊस उघडण्याची वाट न बघता आजच पिशव्या उचला. जमिनीवर अंथरलेला प्लास्टिक कागद मध्ये खचतो, तिथे पाणी साचते आणि भोकातून बाहेर आलेली मुळे त्यात कुजतात. बाहेरची मुळे कापा, बुडापासून दोन बोटांवर नवी भोके पाडा, पिशव्या विटांवर किंवा बांबूंवर ठेवा. कुंडीखालची ताटली काढून टाका. आमचा अंदाज असा की पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांनीही पिशवीत वर पाणी दिसत असेल, तर ते रोप महिना काढत नाही.

निचरा झाल्यावरच कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांबेयुक्त बुरशीनाशक, 50 टक्के) 2.5 ग्रॅम प्रतिलिटर मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) द्यायचा तर पंधरा दिवसांनी. तांब्याबरोबर दिलात तर पैसे पाण्यात. निम्म्याहून जास्त मुळे गेलेले रोप फेकून द्या.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर मात्र लोहाची कमतरता. नवी मुंबईत भरावाच्या जमिनीत डेब्रिजमधल्या (बांधकामाच्या राडारोड्यातल्या) सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होऊन हे हमखास होते, कारण एक्झोराला 5 ते 6 सामूची (pH) आम्ल माती लागते. फेरस सल्फेट 5 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम प्रतिलिटर, उघडीप बघून फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. महागडे ईडीटीए (चिलेटेड) लोह अशा मातीत ओतू नका, ते तिथे टिकत नाही. पण तुंबलेली मुळेही लोह उचलत नाहीत. फवारणीने शेंडा चार दिवस हिरवा दिसला, तरी पिशवी फाडून बघाच.

इतर कामे:
- पिशवीतले मिश्रण: लाल माती 2 भाग, कुजलेले शेणखत 1, भाताचे तूस 1. पावसाळ्यात कोकोपीट कमी.
- कलमे: अर्धपक्व फांदी, 10 ते 12 सेंमी.
- पिठ्या ढेकूण: व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडींवर वाढणारी मित्रबुरशी) 5 ग्रॅम प्रतिलिटर, संध्याकाळी. मुंग्यांची वाट आधी तोडा.
- युरिया: झडीत बंद.
- लागवड: 30 सेंमी खड्डा पाण्याने भरा. चार तासांत रिकामा झाला नाही, तर तिथे उंच गादीवाफाच करा.