दात घासल्यावर द्राक्षे कडवट का लागतात, आणि खरी चव कशी पाहावी

नाशिकमध्ये द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना सकाळी दात घासून लगेच तोंडात टाकलेला मणी आंबूस-कडवट लागला, तर बागायतदाराला किंवा विक्रेत्याला दोष देण्याआधी टूथपेस्टच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. बहुतेक पेस्टमध्ये फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घातलेले असते. ते जिभेवरील गोड चव ओळखणाऱ्या ग्राहींना काही काळ मंद करते आणि आंबट पदार्थाला कडवट छटा आणते. त्यामुळे गोडी व आंबटपणा एकत्र असलेल्या द्राक्षाला किंवा संत्र्याला याचा फटका सर्वाधिक बसतो, तर पोळीभाजीत फरक फारसा कळत नाही.

खात्री करण्यासाठी एकाच घडातील मणी घ्यावेत, कारण दोन घडांची गोडी मुळातच वेगळी असू शकते. पहिला मणी दात घासण्यापूर्वी, दुसरा चूळ भरल्यानंतर लगेच आणि तिसरा साधारण तासाभराने खावा. पहिला व तिसरा सारखे लागून फक्त दुसराच बिघडला, तर कारण पेस्टच आहे. मध्ये चहा किंवा तर्रीदार मिसळ मात्र घेऊ नये. तिखटाने पोळलेल्या जिभेकडून द्राक्षाचा न्याय होत नाही. बागेत मण्यातील साखर रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात, आणि त्या यंत्राला दात घासावे लागत नाहीत हा त्याचा मोठाच फायदा आहे.

उपाय सोपा आहे: भरपूर चुळा भरून थोडा वेळ थांबावे, किंवा हे रसायन नसलेली पेस्ट निवडावी. द्राक्षे आधी खाऊन लगेच दात घासण्याची युक्ती मात्र टाळावी, कारण आम्लामुळे दातांचे कवच काही काळ मऊ पडते. खाल्ल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

क्लोरहेक्सिडिन असलेल्या माऊथवॉशचा परिणाम निराळा असतो: त्याने प्रामुख्याने खारट आणि कडू चव कमी जाणवते. हिरड्यांच्या उपचारासाठी तो वापरणाऱ्याने स्वयंपाकात मीठ आपल्या जिभेवर बेतू नये, घरातील दुसऱ्या कोणाला तरी आमटी चाखायला द्यावी. नाहीतर सगळ्यांच्याच ताटात मीठ जास्त पडेल.

गुडमार या वनस्पतीचा परिणाम सर्वांत थक्क करणारा असतो. तिचे पान चघळल्यावर त्यातील जिम्नेमिक आम्ले गोड चवीच्या ग्राहींना अडवून धरतात, आणि पुढे अर्धा-एक तास साखर तोंडात वाळूसारखी निव्वळ कणीदार लागते. मीठ, लिंबू आणि मिरची मात्र आपापल्या चवीला जागतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी हा प्रयोग गंमत म्हणूनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण गुडमारने रक्तातील साखर उतरू शकते. याउलट आवळा खाऊन प्यालेले पाणी गोड लागते, हा अनुभव कोणालाही घेता येईल.

चिलगोज्यासारख्या पाइन बियांचे काही प्रकार खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांनी तोंड कडू पडते आणि ते कित्येक दिवस तसेच राहते, म्हणून कारण शोधताना फक्त त्याच सकाळचा विचार करणे पुरेसे ठरत नाही. मेट्रोनिडाझोलसारख्या औषधानेही तोंडाला धातूसारखी चव येते. त्यासाठी गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. यांपैकी काहीही न घेता चव दोन आठवड्यांनंतरही बिघडलेलीच राहिली, तर तपासणी करून घ्यावी.