आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर अमिनो आम्लांचे पूरक पोषण: काय तपासावे, किती आणि कसे द्यावे

लहान आतड्याचा भाग काढावा लागल्यावर घरचे लोक बहुधा प्रोटीन पावडरच्या शोधाला लागतात. त्याआधी सर्जनकडून तीन गोष्टी डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याव्यात: लहान आतडे किती सेंटिमीटर उरले आहे, मोठे आतडे जोडलेले आहे की पोटावर स्टोमा (मल बाहेर पिशवीत जाण्यासाठी केलेले छिद्र) काढला आहे, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग शिल्लक आहे का. दोनशे सेंटिमीटरपेक्षा कमी आतडे उरले असेल तर शोषण अपुरे पडण्याचा धोका असतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

मग गरजेचा हिशेब करावा. साधारणपणे अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने आणि 25 ते 30 किलोकॅलरी ऊर्जा लागते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम प्रथिने आणि 1500 ते 1800 किलोकॅलरी. हे दोन्ही आकडे एकत्रच पाहावेत. ऊर्जा कमी पडली तर शरीर अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, जळणासाठी वापरते आणि जखम भरण्याचे काम मागे पडते. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असल्यास हे आकडे डॉक्टरच ठरवतील.

आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर वरणाचे वरचे पाणी, पेज आणि नारळपाणी देण्याची पद्धत आहे. सुरुवातीचे एक-दोन दिवस ती चालते, परंतु त्यात प्रथिने नगण्य असतात हे विसरू नये. सर्जनने परवानगी देताच मऊ अंडे (एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने), दही, पनीर, मऊ शिजवलेले मासे आणि घोटलेली घट्ट मूगडाळ थोडी थोडी, दिवसातून सहा वेळा द्यावी. स्टोमातून पाणी जास्त जात असेल तर नारळपाणी व साधे पाणी आवरते घ्यावे, कारण त्यांत सोडियम कमी असल्याने स्टोमातून होणारी गळती उलट वाढते. त्याऐवजी ओआरएस द्यावे.

एवढे करूनही दोन-तीन दिवसांच्या खाण्यातील प्रथिने व ऊर्जेची नोंद गरजेच्या बरीच खाली राहिली तरच पूरक आहाराकडे वळावे. शोषणशक्ती बऱ्यापैकी असेल तर संपूर्ण प्रथिनांची पावडर पुरते. शोषण कमी असेल तर पेप्टाइडयुक्त, म्हणजे अर्धवट विघटित प्रथिनांचा आहार विचारून पाहावा. कारण आतड्याच्या पेशींत दोन-तीन अमिनो आम्लांच्या अशा छोट्या साखळ्या आत घेणारा स्वतंत्र वाहक असतो. केवळ सुट्या अमिनो आम्लांची पावडर अधिक चांगली, हा समज मला धोकादायक वाटतो: अशा द्रावणातील कणांची दाटी जास्त असल्याने ते आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. कोणतीही पावडर द्यायची झाल्यास अर्धा चमचा मोठ्या कपभर द्रवात मिसळून अर्ध्या तासात घोट-घोट प्यायला द्यावी, आणि स्टोमाच्या पिशवीतील मोजमाप पाहूनच मात्रा वाढवावी.

ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची जाहिरात फार होते. आतड्याच्या पेशींचे ते एक मुख्य इंधन आहे हे खरे असले, तरी 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अतिदक्षता विभागातील अनेक अवयव निकामी झालेल्या रुग्णांना ते दिल्यावर मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणून ते स्वतःहून विकत आणून कधीही देऊ नये.

आतडे वापरताच येत नसेल, तर शिरेवाटे पोषण देतात. नातेवाईक ज्याला 'ताकदीचे सलाइन' म्हणतात ते दहा टक्क्यांचे अमिनो आम्लांचे द्रावण असेल, तर 500 मिलिलिटरमध्ये 50 ग्रॅम अमिनो आम्ले असतात; मात्र सोबत ग्लुकोज आणि मेद मिळत नसतील तर तेही पूर्ण पोषण नव्हे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण मात्रा दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरू शकते, त्यामुळे थायमिन (जीवनसत्त्व ब-1) आधी देऊन आणि तपासण्या करत हळूहळू वाढ करणे आवश्यक असते.

घरी आल्यावर दररोज स्टोमातून गेलेले पाणी व लघवीचे प्रमाण, आणि आठवड्यातून दोनदा वजन वहीत टिपून ठेवावे. ताप, पोटफुगी, सतत उलटी, लघवी फार कमी होणे किंवा अचानक अशक्तपणा व धडधड दिसल्यास पूरक आहार थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे, आणि ती वही सोबत न्यावी.