विजेशिवाय पाणी वर चढवणारा हायड्रॉलिक रॅम: मापं, जोडणी आणि बिघाड

डर्बीचे घड्याळजी जॉन व्हाइटहर्स्ट यांनी 1772 मध्ये पाण्याच्या ठोक्यावर, म्हणजे वाहतं पाणी एकदम अडलं की बसणाऱ्या धक्क्यावर, पाणी उचलणारं यंत्र बसवलं, पण त्याची तोटी माणसाला हाताने उघडझाप करावी लागे. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या जोसेफ माँगोल्फिए यांनी 1796 मध्ये ती उघडझाप झडपेवर सोपवली आणि यंत्र आपोआप चालू लागलं. आजचा रॅम मूळ रचनेत तोच आहे. वीज नाही, इंधन नाही, हलणारे भाग फक्त दोन.

बहुतेक जण आधी पंप जोडतात आणि मग पाइपाचं बघतात. हे उलटं आहे. रॅममध्ये ताकद तयार होते ती उतारावरून येणाऱ्या ड्राइव्ह पाइपात. पंप म्हणजे त्या पाइपाच्या टोकाला बसवलेल्या दोन झडपा आणि एक हवेची टाकी, एवढंच. म्हणून सुरुवात मोजमापापासून करा.

तीन आकडे हवेत: झऱ्याचं पाणी मिनिटाला किती लिटर, पंपापर्यंत उतार किती मीटर, आणि पंपापासून वर किती मीटर चढवायचं. पाणी बादली आणि घड्याळ घेऊन मोजा, तेही झरा सर्वात आटलेला असताना. उतार मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्या. डोळ्याने घेतलेला अंदाज हमखास चुकतो. मग हिशेब सोपा: पाणी गुणिले उतार, भागिले चढ, आणि घरी जोडलेल्या पंपासाठी त्याला 0.6 ने गुणा. मिनिटाला 30 लिटर, उतार 2 मीटर, चढ 12 मीटर असेल तर वर मिनिटाला 3 लिटर मिळतील, म्हणजे दिवसाला 4,320 लिटर. उरलेले 27 लिटर झडपेतून बाहेर पडून पुढे वाहून जातात. ती गळती नव्हे. त्याच पाण्याच्या जोरावर बाकीचं वर चढतं.

इतक्या पाण्याला सव्वा इंची ड्राइव्ह पाइप पुरतो. लांबी उताराच्या पाच ते दहा पट ठेवा; इथे 12 मीटर योग्य. पाइप जीआयचाच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा घ्या. पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहत असताना एकदम अडलं, तर लोखंडी पाइपात दाब साधारण 12 बारपर्यंत उसळू शकतो, पीव्हीसीत सुमारे 4 बार. प्लास्टिकची भिंत ताणते आणि ठोका गिळून टाकते. कमी चढाला जाड पीव्हीसी चालून जाईल. लवचिक होजपाइप कधीच नाही. पाइप सरळ, एकसारख्या उतारात टाका. मध्ये उंचवटा राहिला की तिथे हवा अडकते, आणि अडकलेली हवा म्हणजे ठोक्याखाली ठेवलेली गादी. वरचं तोंड पाण्याखाली किमान 30 सेंटीमीटर असू द्या, त्यावर मोठी जाळी लावा.

जोडणीचा क्रम असा: ड्राइव्ह पाइपानंतर सव्वा इंची बॉल व्हॉल्व्ह, युनियन (सोडता-जोडता येणारा सांधा), मग टी (तीन तोंडांचा सांधा). टीच्या वरच्या तोंडाला निपल (आखूड आट्यांचा तुकडा) लावून पितळी स्विंग एनआरव्ही (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी, झुलत्या पातीची झडप) उभा बसवा, बाण खाली टीकडे. इथेच सर्वाधिक घोटाळा होतो, कारण पाणी बाणाच्या उलट दिशेने बाहेर पडणार असतं. आतली पाती स्वतःच्या वजनाने खाली लोंबून उघडी राहते, पाण्याचा वेग वाढला की ओढली जाऊन फटकन बंद होते, आणि ठोका बसतो. टीच्या सरळ तोंडाला स्प्रिंगचा एनआरव्ही, बाण पंपाच्या बाहेर. त्यानंतर दुसरी टी: वर हवेची टाकी, पुढे रिड्यूसर (मोठ्या पाइपाला लहान जोडणारा सांधा), प्रेशर गेज, पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह आणि चढाचा पाइप.

टाकीसाठी 4 इंची, 60 सेंटीमीटर लांब पीव्हीसी पाइप घ्या, पण प्रेशरचा. सांडपाण्याचा पाइप इथे फुटेल. दाबलेल्या हवेने पीव्हीसी फुटलं तर तुकडे उडतात, म्हणून चढ 20 मीटरच्या वर असेल तर लोखंडी टाकीच करा. बंद करण्याआधी आत सायकलची ट्यूब घडी करून टाका, अर्धवट फुगवलेली. ट्यूब नसेल तर हवा हळूहळू पाण्यात विरघळून टाकी पाण्याने भरते. सगळं काँक्रीटच्या ठोकळ्यावर घट्ट आवळा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला चर काढा.

चालू करताना पाऊण इंची व्हॉल्व्ह बंद ठेवा, ड्राइव्हचा पूर्ण उघडा. पाती लगेच बंद होऊन बसेल. काठीने ती खाली दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वीस-तीस वेळा करावं लागतं; सुरुवातीला पाण्याबरोबर हवा फसफसत बाहेर येते. गेज 0.7 बारच्या आसपास आलं की पंप स्वतःच ठोके देऊ लागतो. मग पुढचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. मिनिटाला 40 ते 60 ठोके ही चांगली चाल.

पाती बंद होऊन बंदच राहत असेल तर पुढचा दाब कमी आहे, म्हणजे व्हॉल्व्ह घाईने उघडला किंवा ड्राइव्ह पाइपात हवा आहे. उघडीच राहून पाणी नुसतं वाहत असेल तर पाणी कमी पडतंय. आधी जाळी बघा. काही तास चालून थांबतो, पुन्हा चालू केला की पुन्हा थांबतो? पंप झऱ्यापेक्षा जास्त पाणी ओढतोय. स्विंग एनआरव्ही थोडा कलता करा, पाती बैठकीच्या जवळ येऊन लवकर बंद होते आणि पाणी कमी लागतं. ड्राइव्हचा व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी करू नका, त्याने ठोकाच मरतो. ठोके पडतात पण वर पाणी नाही, तर स्प्रिंगच्या एनआरव्हीत खडा अडकलेला असतो. आणि आवाज मऊ ठकठकीवरून कडक, धातूवर हातोडा मारल्यासारखा झाला, चढाचा पाइप थरथरू लागला, तर टाकीतली हवा गेली आहे. पंप त्याच क्षणी थांबवा, ट्यूब बदला.

पाणी भरपूर असेल आणि एक पंप पुरत नसेल, तर शेजारी दुसरा बसवता येतो. चढाचा पाइप दोघांना एक चालेल, पण ड्राइव्ह पाइप प्रत्येकाला स्वतंत्रच हवा, नाहीतर एकाचा ठोका दुसऱ्याची पाती अवेळी हलवतो.